जूं आणि विसांवा

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आमच्याकडील शेतकरी बैलांची खांदेमळणी करितात. हळद व लोणी एकत्र करून बैलाच्या खांद्यावर, जेथें वर्षभर जूं बसलें तेथें, हातानें हळूहळू चोळावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला कामास जुंपावयाचें नाहीं, असा हा जुना प्रघात आहे. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ गोठे रिकामे झाले. तरी खेड्यांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा देखावा अजून परिचयाचा असेल. ज्या शेतकऱ्याचें जूं ओबडधोबड, त्याच्या बैलाचा खांदा सुजलेला व सोललेला असतो. ज्याचें जूं बैलाच्या मानेच्या बेतानें तासून गुळगुळीत केलेलें असतें, त्याच्या बैलाचा खांदा टणक झालेला असतो, पण त्यावर जखम नसते. काम दोन्ही बैलांनीं सारखेंच केलेलें असतें.

प्रभु येशूच्या ज्या एका वचनाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों, तें समजण्यास खांदेमळणी पाहिलेला मनुष्य इतरांहून अधिक पात्र आहे असें आम्हांस वाटतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत, अकराव्या अध्यायाच्या अखेरीस, तें वचन आहे. श्रमून गेलेल्या आणि ओझ्याखालीं वांकलेल्या सर्वांना येशू आपल्याजवळ बोलावितो, विसांवा देण्याचें आश्वासन देतो, आणि लागलीच आपलें जूं खांद्यावर घेण्यास सांगतो. यांतील पहिला भाग भिंतीवरच्या तसबिरींत व नाताळच्या कार्डांवर पुष्कळदां वाचावयास मिळतो. दुसरा भाग तेथें सहसा कोणी छापीत नाहीं. विसांवा मागावयास आलेल्याच्या खांद्यावर जूं ठेवावयाचें, हें प्रथमदर्शनीं विचित्रच वाटतें. थकलेल्या बैलाला सोडावयाचें, कीं पुन्हां जुंपावयाचें?

येशू सुताराच्या घरीं वाढला, हें येथें विसरूं नये. दुसऱ्या शतकांतील जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें तर येशू नांगर व जुंवें करीत असे असें लिहून ठेविलें आहे. मूळ ग्रीक भाषेंत येशूच्या जुंवाला जें विशेषण लाविलें आहे, त्याचा अर्थ नुसता 'सोपें' एवढाच नाहीं. 'चांगलें', 'उपयोगी पडणारें' असाही होतो. चांगला सुतार मानेचें माप पाहून जूं तासतो.

आणखी एक गोष्ट. या वचनाच्या किंचित् आधीं येशूनें आपल्या स्वर्गीय पित्याचे आभार मानिले आहेत, आणि तेही अशासाठीं कीं ज्या गोष्टी शहाण्यांना उमगल्या नाहींत त्या लेंकरांना उमगल्या. शाळेच्या वार्षिकांत हें लिहितांना आमची लेखणी क्षणभर अडखळते. वर्षभर आम्ही मुलांना शहाणें करण्याचा उद्योग करितों; आणि विसांव्याची वाट शहाण्यांनाच सांपडत नाहीं असें दिसतें. याचा मेळ कसा घालावा? तर्कानें उत्तर देण्यापेक्षां महाराष्ट्राच्या एका थोर विदुषीचें चरित्र समोर ठेवणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीस दिलें. भागवताचे हजारों श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. सारें कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गांवोगांव हिंडे. जवळ होतें तें द्रव्य दानधर्मांत गेलें, आणि मग दुष्काळ आला. १८७४ सालीं वडील वारले. मागोमाग आई व वडील बहीण गेली. राहिलेलीं दोघें भावंडें, रमाबाई व श्रीनिवास, हजारों मैल पायीं चालत उत्तरेकडे गेलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीच्या दिवसांत पांघरावयास कांहीं नसल्यामुळें त्यांनीं थडग्यांसारखे दोन खड्डे खणले, आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली, असें रमाबाईंनींच लिहिलें आहे. व्रतें झालीं, उपास झाले, तीर्थें झालीं. परंतु मनास जें पाहिजे होतें तें त्यांना मिळालें नाहीं.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय अवघें वीस, आणि सर्व हिंदुस्थानांत नांव! दोन वर्षांनीं भाऊ गेला. त्याच वर्षीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं पतीही पटकीनें गेले. पदरीं मनोरमा नांवाचें तान्हें मूल राहिलें.

पुढल्या वर्षीं त्या डॉक्टरी शिकण्याच्या उद्देशानें विलायतेस गेल्या. परंतु त्यांना ऐकूं कमी येत असे, आणि त्यामुळें तो अभ्यास त्यांना करितां आला नाहीं. (डॉक्टर होण्याची मनीषा बाळगणारीं मुलें व त्यांचे पालक यांनीं एवढें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.) वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीं त्या भगिनींनीं चालविलेला एक आश्रम रमाबाईंनीं पाहिला. असल्या स्त्रियांवर कोणी इतकी ममता कां करावी, असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांस येशू व शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरील कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कथा येथेंच संपती, तर मिशन शाळेच्या अंकास ती फार सोयीची झाली असती. ती येथें संपत नाहीं. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनीं चेल्टनहॅमच्या कॉलेजांत संस्कृत शिकविलें, अमेरिकेचा प्रवास केला, आणि उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर १८८७ सालीं इंग्रजींत पुस्तक लिहून परदेशांतही कीर्ति मिळविली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन काढिलें, व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. इतकें झालें, पण मन स्वस्थ नव्हतें. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्या मोकळेपणानें सांगतात कीं, बाप्तिस्म्यास आठ वर्षें लोटल्यावर आपणांस असें कळून आलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हें कबूल करावयास मोठें धैर्य लागतें. मंडळीच्या वहींत ज्यांचें नांव जन्मापासून लिहिलेलें आहे अशा आम्हां पुष्कळांना तें अजून झालेलें नाहीं.

१८९१ च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें पाळकपण केल्यावर एके दिवशीं आपल्याच मंदिरांत उपदेश करीत असतां स्वतः पालटून गेला होता. तें वाचून रमाबाईंनीं आपल्या अंतःकरणाकडे पाहिलें. तारण हें जातीनें, पुरुषाच्या जन्मास आल्यानें, पुण्यकर्मानें, किंवा कोणा मनुष्याच्या आधारानें मिळावयाचें नाहीं. जो कोणी ख्रिस्तावर विश्वास ठेवील त्याला देव तें फुकट देतो, ही गोष्ट त्यांस तेव्हां पटली.

आम्हांस वाटतें, या 'फुकट' शब्दापाशींच सारी अडचण आहे. नवें ज्ञान म्हणून रमाबाईंना त्या दिवशीं कांहींच मिळालें नाहीं. बायबल त्यांनीं पूर्वीं वाचलेंच होतें. परंतु जन्मभर त्या प्रत्येक गोष्ट कमावीत आल्या होत्या. अन्न श्लोक सांगून कमाविलें, पदव्या विद्वत्तेनें कमाविल्या, मान लेखणीनें कमाविला. ज्याला सर्व कमावण्याची संवय आहे त्याला रिकामा हात पुढें करणें फार जड जातें. लहान मूल तेवढें सहज हात पुढें करितें. शहाण्यांना न उमगलेलें लेंकराला उमगतें तें यामुळेंच.

येथें नम्रतेविषयीं थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. मुलानें उलट बोलूं नये, सुनेनें मान वर करूं नये, गरिबानें दाराबाहेर उभें राहावें, याला आपण नम्रता म्हणत आलों. रमाबाईंपाशीं ही नम्रता मुळींच नव्हती, आणि ईश्वर करो, आमच्या विद्यार्थ्यांतही ती न येवो. चेल्टनहॅम येथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें कीं काय असा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. आपणांविषयींचा निर्णय दुसऱ्यांनीं परस्पर करावा हें रमाबाईंस खपलें नाहीं. १८८५ सालच्या एका पत्रांत त्यांनीं स्पष्ट कळविलें कीं, स्वदेशांतील पुरोहितवर्गाच्या जुंवाखालून मोठ्या प्रयासानें मान काढून घेतल्यावर तसल्याच दुसऱ्या जुंवाखालीं ती देण्यास आपण तयार नाहीं. शब्द जुंवाचाच आहे! आणि सहा वर्षांनीं ज्यांनीं येशूच्या जुंवाखालीं आपण होऊन खांदा दिला, त्या बाई ह्याच.

यांत विसंगति कोणाला दिसेल. आम्हांस दिसत नाहीं. माणूस माणसावर जूं ठेवितो तें बहुधा स्वतःची गाडी ओढविण्यासाठीं, आणि स्वतः गाडींत बसतो. येशू आपलें जूं घ्या म्हणतो तें आपण स्वतः नम्र आहों असें सांगून. शेतकरी नव्या खोंडाला एकटा जुंपीत नाहीं; जाणत्या बैलाच्या शेजारीं जुंपतो. जड ओढ जाणता बैल घेतो. खोंडानें फक्त त्याच्या चालीला चाल मिळवावयाची. खोंड धडपडला, पुढें धांवला, मागें राहिला, कीं त्याचाच खांदा सोलतो. नम्र भरंवसा म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणें एवढेंच: शेजारचा बैल कोण आहे हें ओळखून त्याच्या पावलाशीं पाऊल लावणें. देवावर भार घालण्याची भाषा महाराष्ट्राला नवखी नाहीं. पंढरीच्या संतांनीं ती घरोघर नेली, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों असें म्हणत.

भरंवशानें मनुष्य आळशी होतो असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. त्यास रमाबाईंचीं पुढील तीस वर्षें हेंच उत्तर आहे. विसांवा मिळाला, पण वादळें थांबलीं नाहींत. १८९३ सालीं शारदा सदनाविषयीं पुण्यांत मोठा गहजब झाला. सदनांत धर्म शिकवावयाचा नाहीं असें ठरलें असतां कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस जाऊन बसूं लागल्या होत्या. वृत्तपत्रांनीं टीका केली, रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांचा राग अगदींच अकारण होता असें आम्ही म्हणणार नाहीं. आमच्या वाचकांत ख्रिस्ती नसलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मुलांचा भरंवसा आम्ही कोणत्या रीतीनें सांभाळितों हा प्रश्न आम्हांस आजही सुटलेला नाहीं. विश्वास हा ओढून आणण्याचा पदार्थ नव्हे, एवढें मात्र आम्ही निश्चयानें सांगतों. येशूनें बोलाविलें, कोणाचा हात धरून ओढिलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. केडगांवीं मुक्ति सदन उभें राहिलें. तेथें विहिरी खणल्या गेल्या, फळबाग झाली, गुरें आलीं, हातमाग, तेलाचा घाणा व छापखाना सुरू झाला, अंधांस वाचावयास शिकविण्याची सोय झाली. एका शरीरानें इतकें ओझें वाहावें, आणि तरी त्यास विसांवा म्हणावें! खांद्यावरचें जूं कोणाचें आहे, यावर सारें अवलंबून आहे.

आतां आमच्या घराकडे वळतों. गेल्या परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहांत रात्रीं फेरी मारितांना एका खोलींत दिवा दिसला. दहावीचा एक मुलगा पुस्तक मिटून नुसता भिंतीकडे पाहात बसला होता. दोन वाजले होते. "अरे, वाचावयाचें नाहीं तर झोंप तरी," असें आम्हीं म्हटलें. तो म्हणाला, "सर, झोपलों तर वडिलांना फसविल्यासारखें वाटतें." वडिलांनीं त्याच्या शिक्षणासाठीं शेत गहाण टाकिलें होतें. आम्हीं दिवा मालविला आणि त्यास निजविलें. त्याहून शहाणपणाचें कांहीं त्या वेळीं सुचलें नाहीं. पुढें स्नेहसंमेलनास त्याचे वडील भेटले. आम्हीं गोष्ट काढिली, तेव्हां त्या साध्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलें. "गुरुजी, मीं त्याला कधीं एक शब्द बोललों नाहीं हो," असें ते म्हणाले. तें खरेंच असावें.

म्हणजे हें जूं कोणीच घातलें नव्हतें. बापाच्या कष्टांतून आणि मुलाच्या मायेंतून तें आपोआप तयार झालें, आणि तरी त्यानें कोंवळा खांदा सोलून निघाला. असल्या मुलाला 'चिंता करूं नकोस' म्हणणें म्हणजे बैलाच्या जखमेकडे न पाहतां त्याची पाठ थोपटणें होय. 'प्रार्थना कर म्हणजे पास होशील' असें सांगणें तर त्याहून वाईट. दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें असाच नवस केल्यासारखी प्रार्थना करून पहिला नंबर मागितला होता. नंबर दुसरा आला, आणि त्यानें प्रार्थनेस येणेंच सोडिलें. सौदा मोडला, कीं गिऱ्हाईक दुकान बदलतें. भरंवसा हा सौदा नव्हे. रमाबाईंना डॉक्टरी मिळाली नाहीं, श्रवणशक्ति परत मिळाली नाहीं. मिळाला तो येशू.

त्या रात्रीच्या मुलाला आज आम्ही काय सांगूं? अभ्यास तितकाच कर. किंबहुना थोडा अधिकच कर, कारण भीतीनें जागलेली रात्र अभ्यासांत मोजतां येत नाहीं. परंतु तुझ्या गुणपत्रिकेवर तुझी किंमत लिहिलेली नसते, आणि वडिलांचें शेत सोडविण्याचें सारें ओझें तुझ्या पंधरा वर्षांच्या मानेवर ठेवलेलें नाहीं. तूं आणि तुझे वडील दोघेही ज्याच्या हातांत आहां, त्याला तें शेत ठाऊक आहे. हें मनापासून पटलें तर दोन वाजतां झोंप येते. आणि पालकांना आमची विनंति एवढीच कीं, मुलाला शब्द न बोलणें पुरत नाहीं. निकाल कांहीं लागला तरी घरांतील त्याची जागा हलावयाची नाहीं, हें त्याला तोंडानें, स्पष्ट शब्दांत, परीक्षेपूर्वीं सांगावें. आपल्याकडे प्रेम बोलून दाखविण्याची रीत नाहीं हें आम्ही जाणतों. या एका बाबतींत रीत मोडावी.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांची गोष्ट राहिली. त्यांचें काम पुढें चालविणार म्हणून जिच्यावर सर्वांची दृष्टि होती, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजीं वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पति, आणि आतां एकुलतें एक अपत्य. त्या वेळीं रमाबाई साठी उलटून गेलेल्या होत्या. खेड्यांतील बायांना समजेल अशा सोप्या मराठींत सबंध बायबल उतरविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. त्यासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक या भाषाही त्या शिकल्या होत्या. मुलीच्या मृत्यूनंतरही तें काम सोडून त्या बसल्या नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनीं जुळविले होते.